अवसेपासून अवसेपर्यंत

पोळ्याच्या अवसेपासून सर्वपित्रीच्या अवसेपर्यंत भादव्याचा महिना भरतो. २०२४ साली पोळा २ सप्टेंबरला आला आणि सर्वपित्री २ ऑक्टोबरला. माझ्या निवृत्तीचं ते पहिलंच वर्ष. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं, पण परीक्षेचा विचार मनात न आणता एखादं पुस्तक सलग वाचल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. हा महिना आपला, असं ठरवलं आणि यवतमाळच्या घरातली चार पुस्तकं पिशवीत घातली. उद्धव शेळक्यांची ‘धग’, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, भाऊसाहेब पाटणकरांची मराठी शायरी आणि आत्माराम राठोडांचं ‘तांडा’. पिशवी घेऊन दारव्ह्याकडच्या आमच्या गावी, दादाकडे, राहायला गेले.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सातवीपर्यंत शिकला. बारा एकर वावर, एक बैलजोडी, भजनातली खंजिरी आणि बाबांकडून आलेल्या झडत्या एवढं त्याच्याजवळ आहे.

मी पोचले तेव्हा खांदमळणी चालली होती. लोण्यात हळद कालवून दादा बैलांचे खांदे चोळत होता. जू वाहून वाहून तिथली कातडी निबर झालेली असते, ती तो बोटांनी दाबून दाबून मऊ करत होता. ओसरीवरची माझी पिशवी त्यानं पाहिली.

“इतले पुस्तकं आणले बाई? महिनाभर वाचतच राह्यशीन का?”

“हो. तेवढ्यासाठीच आले. कोणाला शिकवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. नुसतं वाचायचं.”

“मंग यवतमाळले काय वाईट होतं? वाचाले गावात कायले यावं लागते? गावात आयकाले यावं. उद्या पोया हाये, तोरनाखाली उभी राय. पुस्तक कुठी पयून जात नाई.”

“तेच तर मी म्हणते दादा. पुस्तक पळून जात नाही, झडती जाते. बाबांच्या किती झडत्या येतात तुला आज?”

त्याचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. “आठ-नऊ.”

“आणि बाबांना किती येत होत्या?”

“मोजल्या कोनं?”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याला गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सजवलेल्या जोड्या उभ्या राहतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. पोळा फुटायच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं पुढं येऊन चढ्या आवाजात पदं म्हणतात, ती झडती. तिच्यात शंकर-पार्वती असतात, सावकार असतो, बियाण्याचा आणि कापसाचा भाव असतो, नवरा-बायकोचं भांडणही असतं. एका बाजूच्या झडतीला दुसऱ्या बाजूनं झडतीनंच उत्तर द्यायचं, आणि झडती संपली की सगळ्यांनी मिळून महादेवाच्या नावाचा गजर करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून झड लागलेली होती. दुपारी जरा उघडलं आणि जोड्या आखरावर आल्या. दादानं बाबांनी रचलेली बंडीची झडती घेतली. शेतकरी कापसाची बंडी भरून बाजाराला जातो, व्यापारी कापूस चिवडतो, ओला आहे म्हणून भाव पाडतो, काट्यावर कापतो, आणि परतताना लेकराच्या सदऱ्यापुरतं कापड घ्यायला काय उरतं, त्याचा हिशेब त्या झडतीत आहे. दादाचा आवाज चढत चढत काट्यापर्यंत आला आणि थांबला. पुढची ओळ येईना. घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दादाचे ओठ नुसते हलत होते. तेवढ्यात समोरच्या बाजूचा, म्हणजे ज्यांना या झडतीचं उत्तर द्यायचं होतं त्यांच्यातलाच एक म्हातारा काठी टेकत पुढं आला आणि त्यानं ती ओळ म्हटली. दादानं ती उचलली, झडती शेवटाला नेली. गजर झाला तसे बैलांचे कान एकदम मागं गेले.

रात्री जेवताना मी विषय काढला.

“बघितलंस ना? लिहून ठेवली असती तर अडला नसतास.”

“अडलो नसतो. पन थो म्हतारा पुढं आला असता का? चाळीस वर्सं झाले, आमच्या दोन घराचं बोलनं नाई. धुऱ्याचा वाद हाये. आज त्यानं बाबाची ओय जपून ठेवली होती, हे मले अडलो म्हून समजलं. कागद हाती असता तर मी कागदात पाह्यलं असतं.”

“अन् तो म्हातारा नसता तर?”

दादानं भाकरीचा तुकडा मोडला. “तर गेली असती,” तो म्हणाला. “थे बी खरं हाये.”

महिनाभर आमचं बोलणं याच दोन टोकांमध्ये फिरत राहिलं. कधी तो माझ्या बाजूला यायचा, कधी मी त्याच्या.

पोळ्यानंतर मी ‘धग’ काढली. १९६० सालची ही कादंबरी. आमच्या या मुलखातल्या कौतिक नावाच्या बाईनं संसार तगवण्यासाठी दिलेली झुंज तिच्यात आहे, आणि माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. वर्गात मी तिच्याबद्दल कितीदा तरी बोलले असेन. एका संध्याकाळी ओसरीवर वाचत बसले होते. वहिनी शेजारी मूग निवडत होत्या. त्यांनी विचारलं, काय वाचता? मी दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. दादा बाजेवर आडवा होता, तो उठून बसला.

“असं नाई म्हनत बाई. तू लिहेल वाचून राह्यली. ही बाई बोलून राह्यली.”

“मग वाच तू.”

त्यानं चष्मा आणला. शब्दाखाली बोट धरून, अडखळत वाचायला लागला. निवेदनाची प्रमाण मराठी त्याला जड जात होती, पण संवाद आला की बोट सुटायचं. ‘काहून’ हा एकच शब्द. मी तो वर्षानुवर्षं प्रश्न म्हणून वाचत आले. दादाच्या तोंडी तो एका ठिकाणी प्रश्न होता, एका ठिकाणी धाक होता, आणि एका ठिकाणी तर नुसता उसासा. वहिनींचे हात सुपातच राहिले. “माय वं,” एवढंच त्या म्हणाल्या. मी वर्गात इतकी वर्षं जे पान शिकवलं, ते पान मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. यात मला कमीपणा वाटला नाही, आनंदच झाला. आपल्या भागात छापलेली कितीतरी पुस्तकं अशी ओसरीवर न पोचताच कपाटात बसून आहेत, याचं वाईट मात्र वाटलं.

“पाह्यलं?” दादा म्हणाला. “पुस्तकाले बी कोनाचं तरी तोंड लागते.”

“पण शेळक्यांनी लिहिलं नसतं तर तू काय वाचलं असतंस?”

“शेळक्याईनं कोनाचं तरी आयकलं असन, तवाच लिहिलं नं?”

रोज रात्री थोडं थोडं वाचायचं ठरलं. मधे गणपती बसले, भजनांच्या रात्री आल्या, वाचन मागं पडलं. तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या गावात अजून वाजते आणि ‘ग्रामगीता’ही वाचली जाते. त्यांचं गाव अमरावतीकडचं यावली, आमच्यापासून काही फार लांब नाही. दादाला ‘ग्रामगीते’च्या एकेचाळीस अध्यायांतलं बरंच पाठ आहे. ते पुस्तक आहे की गाणं, असं मी त्याला विचारलं. त्याला हा प्रश्नच कळला नाही. त्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

पाटणकरांवर मात्र आमचं जमलं. वासुदेव वामन उर्फ भाऊसाहेब पाटणकर, १९०८ ते १९९७, यवतमाळचे वकील, शिकारी आणि मराठी शायर. गझल-शायरीचा बाज उर्दूतून उचलून त्यांनी तो मराठीत इतका सहज बसवला, की वाचताना मैफलीत बसल्यासारखं वाटतं. दादानं त्यांना तरुणपणी ऐकलं होतं.

“थे एक शेर म्हनत अन् थांबत. लोक हासत. हासनं संपाच्या आत दुसरा. थो दुसरा डोयात पानी आनत असे. पुस्तकात थो थांबा कुठी हाये?”

“दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे दादा. वाचणाऱ्यानं थांबायचं असतं.”

हे त्याला पटलं. पुस्तक मागून घेऊन त्यानं ती कोरी जागा बोटानं चाचपून पाहिली.

यवतमाळात दोन वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. १९७३ ला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. दादा तेव्हा सोळा वर्षांचा, बाबांबरोबर शकुंतला रेल्वेनं दारव्ह्याहून यवतमाळला गेला होता. त्याला भाषण आठवत नाही. ज्याचं ‘गीतरामायण’ रेडिओवर ऐकलं तो माणूस डोळ्यांनी पाहिला, हे आठवतं. “कोनी वाचलं असन का थे आधी?” तो विचारतो. १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ती छप्पन गीतं लोकांच्या कानी गेली, हे मी त्याला सांगितलं, आणि त्याच्याच मुद्द्याला बळ दिलं.

जानेवारी २०१९ च्या ब्याण्णवाव्या संमेलनाला आम्ही दोघंही होतो. उद्घाटनासाठी आधी नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागं घेतलं गेलं. तो प्रकार मला तेव्हाही लागला होता, आजही लागतो. पाहुण्याला बोलावून दार लावणं ही आपल्याकडची रीत नव्हे. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याची विधवा. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या इतर बायांबरोबर, त्यांनी काम केलं होतं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, कविता आणि लोकसाहित्य या दोन्हींत ज्यांचं आयुष्य गेलं आहे अशा.

“तिथं तरी मान्य कर,” मी दादाला म्हटलं. “कोणीतरी नाटक लिहिलं म्हणून त्या बायांना रंगमंच मिळाला. नाहीतर त्यांचं दुःख घराच्या चार भिंतींत राहिलं असतं.”

“मान्य हाये. पन थे नाटक शिकलेल्या नट्याईनं केलं असतं, तर तू अन् मी इतलं रडलो असतो का? लिहिनारा एक, भोगनारा एक. दोघाईले संगंच उभं राहा लागलं.”

याच्यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पंधरवड्यानंतर मी ‘लीळाचरित्रा’कडे वळले. यवतमाळशी या ग्रंथाचं नातं जवळचं आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्या शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. त्या उलगडून मराठी वाचकांपुढं आणणाऱ्या संशोधकांत यवतमाळचे य. खु. देशपांडे होते. त्यांच्या शारदाश्रमानं हस्तलिखितं गोळा केली, आणि त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ ला निघालं. माझ्या वादातला हाच हुकमी मुद्दा होता. लिहिलं होतं म्हणून सहाशेहून जास्त वर्षांनी सापडलं. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात महदाइसेनं धवळे गायले. ते गाणंच होतं, पण कोणीतरी टिपून ठेवलं म्हणून आपण तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो.

हे सगळं मी दादाला समजावून सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “म्हाइंभटानं हे सारं कुठून लिहिलं?”

“चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या, त्यांच्याकडे जाऊन. विचारून, पडताळून.”

“मंजे आयकूनच.”

“हो.”

“अन् थे पोथी तशीच राह्यली आजवर?”

इथं मला खरं सांगणं भाग होतं. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या नावानं आजही एक पाठ ओळखला जातो.

दादा गप्प बसला. जिंकल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, “त्या म्हताऱ्यावानी झालं हे. बाबाच्या ओयीसारखं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या मागच्या अंगणात मी जुन्या मासिकांचे बांधीव अंक रद्दीच्या काट्यावर चढताना पाहिले होते. दोन पोती. वरच्या अंकाची शिवण उसवलेली होती आणि वाऱ्यानं पानं फडफडत होती. मी काही केलं नाही, निघून आले. कागद टिकतो, हे मी दादाला किती ठामपणे सांगत होते.

त्यानं आणखी एक गोष्ट विचारली, ती अजून मनात आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडं कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे पाडे, आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांची दंडार चालते. दादा एकदा कापसाच्या कामानं तिकडं गेला आणि रात्रभर पोडावर थांबला. त्यांची कोलामी मराठीच्या शेजारी राहूनही वेगळ्या, द्राविडी कुळातली भाषा आहे आणि तिला स्वतःची लिपी नाही. मी त्याला सांगितलं, की एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं आपल्या शेजारच्या वर्धा भागातली कोलामी अभ्यासून १९५५ ला तिच्यावर अख्खं पुस्तक काढलं.

“चांगलं केलं,” दादा म्हणाला. “पन पोडावरच्या पोराले थे वाचता येते का? त्याच्या शायेत त्याची बोली कोन बोलते?”

‘तांडा’ वाचतानाही हाच प्रश्न पानापानावर आडवा येत होता. होळीच्या लेंगीपासून तीजेच्या गाण्यांपर्यंत सगळं ज्या बोलीत आहे, ती बंजाऱ्यांची गोरबोली घरात राहते आणि शाळेच्या दारात मराठी सुरू होते. दिग्रस-पुसदकडच्या किती मुलांना मी हे न ओळखताच मराठीत गुण दिले असतील. याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. दादाला तसं सांगितलं.

भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, अलीकडे पाच दिवसांवरही भागवतात. भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडायला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव लागतो. आमच्या शिवारात आता जिकडं तिकडं सोयाबीन आणि पऱ्हाटी. पाच धांडे आणायला दादा शेजारच्या गावात गेला आणि दुपार घालवून आला.

संध्याकाळी दादाची नात आणि तिच्या सहा-सात मैत्रिणी जमल्या. टिपऱ्या हातात, मधे मोबाइल ठेवलेला, त्यात गाण्यांचा मजकूर. त्या बघून बघून गात होत्या. एका गाण्यात वहिनींनी त्यांना थांबवलं.

“हे आपल्या इथचं नोहोय. आपल्या गान्यात आधी नणंद येते, मंग सासू.”

“पन आज्जी, इथं असंच लिहेल हाये.”

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. लिहिणाऱ्यांची बाजू मीच घेत होते ना. कुठल्यातरी लांबच्या गावचं गाणं कोणीतरी नीट टंकून ठेवलं होतं, आणि ते लिहिलेलं होतं म्हणून इथलं खोटं ठरत होतं. मी नातीला म्हटलं, “मोबाइल बाजूला ठेव बेटा. आजी म्हणते तसं म्हण.” वहिनी गायला लागल्या. नऊ गाणी पूर्ण आली, तीन अर्धवट. बाकीची आठवेनात. रात्री मी वही काढली आणि त्यांच्या शेजारी बसून बाराच्या बारा उतरवून घेतली. नणंद आधी, सासू मग. अर्धवट गाण्यांखाली जागा सोडली.

दादा दारात उभा राहून पाहत होता. “लिही,” म्हणाला. “हे लिही.” मग आत आला. “पन वर आपल्या गावचं नाव टाक. नाई तं ह्याच गान्यानं दुसऱ्या गावची आज्जी खोटी पडन.”

मी प्रत्येक पानावर गावाचं नाव टाकलं. मुलींनी मग खाऊचा डबा वाजवायला घेतला. आत काय आहे ते ओळखायचं होतं. शेंगदाणे म्हटले, फुटाणे म्हटले, कोणालाच ओळखता आलं नाही. डब्यात वहिनींनी बत्तासे ठेवले होते, आणि ते हलू नयेत म्हणून वर फडकं दाबलं होतं.

सर्वपित्रीला बाबांच्या नावानं पान वाढलं. दुपारी दादा आपण होऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, वही घे. त्यानं सात झडत्या सांगितल्या. सांगताना त्याला बसून येईना, उभं राहून, हात कानाशी नेऊनच येत होतं. मी मधे थांबवलं की धागा तुटायचा, मग तो पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. दिवेलागणीपर्यंत सातही झाल्या.

“अन् बंडीची?” मी विचारलं.

“थे नाई.”

“का रे दादा? तीच तर सगळ्यात चांगली. तीच तू विसरला होतास.”

“म्हूनच नाई. थे लिहून देली का मी आठवाचं सोडून देईन. त्या म्हताऱ्याले बी सांगतलं, पुढच्या पोयाले दोघं मिळून म्हनू. तू ये. आयक. मंग तुले आठवन तितली लिही.”

मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, घट बसले. सकाळच्या गाडीनं मी यवतमाळला आले. शहरात चौकाचौकांत दुर्गोत्सवाचे मंडप सजले होते. संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मला मनापासून आनंद झाला. म्हाइंभट आठवले, हिराइसा आठवली. पिशवीतली पुस्तकं कपाटात लावायला काढली, तर तीनच निघाली.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

“बाई, थे ‘धग’ इथीच राह्यली.”

“राहू दे. पुढच्या खेपेला नेईन.”

“नेजो मंग. काल रातच्याले तुही वहिनी म्हने, वाचा पुढं. कौतिकचा पोरगा कुठवर आला, थे बाकी हाये.” मग आवाज लहान करून म्हणाला, “पुढं काय होते थे सांगू नोको.”